शेळीने वाळवंट केले काय?

दिमोना, येरुहाम, ओफाकीम, किर्यत गात, बेरशेवा या गावांत आपल्या समाजाची माणसे कित्येक दशके राहत आहेत. त्यामुळे बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या मेंढरांच्या कळपाचे आता कोणाला नवल वाटत नाही. गाढवावर बसलेला बेदुइन मुलगा, पुढे जाड शेपटीच्या मेंढ्या, मधूनमधून लांब कानांच्या काळ्या शेळ्या. जानेवारीत हे सारे पोपटी रंगाच्या टेकडीवर दिसते, तर ऑगस्टमध्ये कापलेल्या गव्हाच्या धसकटांत. दृश्य ओळखीचे झाले, पण त्याविषयी आपण ऐकत आलो ते बहुतेक एकाच बाजूचे. शेळ्यांनी या देशाचे वाळवंट केले, असे सहलीचे वाटाडे सांगत आणि शाळेतही मुलांच्या कानावर तेच पडे. १९५० साली कनेसेतने शेळ्यांवर बंधने घालणारा कायदा केला, त्याच्या मुळाशी हीच समजूत होती. पुढे २०१८ साली कनेसेतनेच तो कायदा रद्द केला.

या अडुसष्ट वर्षांत शेळी काही बदलली नाही. तिचे तोंड तेच, भूक तीच. बदलले ते चराईविषयीचे ज्ञान. ते ज्ञान काय आहे, हे आपण या लेखात पायरीपायरीने समजून घेऊ. प्रश्न केवळ पुस्तकी नाही. एका बाजूला पातळ मातीची, कमी पावसाची जमीन आहे, जी एकदा उघडी पडली की लवकर झाकली जात नाही. दुसऱ्या बाजूला त्या कळपांवर पोट भरणारी कुटुंबे आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आग, जिचा विचार कायदा करताना फारसा कोणी केला नव्हता.

पावसाच्या दोन रेघांमधली जमीन

‘स्टेप’ हा मूळचा रशियन शब्द. दाट झाडी वाढेल इतका पाऊस नाही, पण गवत आणि खुरटी झुडपे उगवतील इतका आहे, अशा विस्तीर्ण माळरानाला भूगोलात स्टेप म्हणतात. हंगेरीपासून मंगोलियापर्यंत पसरलेला पट्टा हा जगातला सर्वांत मोठा स्टेप. त्याचा एक लहान, उष्ण, दक्षिणेकडचा नातेवाईक आपल्या दाराशी आहे. भूमध्य समुद्राकडचा झाडांचा प्रदेश संपतो आणि खरे वाळवंट अजून सुरू झालेले नसते, तो मधला पट्टा म्हणजे उत्तर नेगेव्ह.

लेहावीमच्या टेकड्यांवर वर्षाला सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून थोडे दक्षिणेला बेरशेव्यात तो दोनशेच्या घरात येतो आणि स्दे बोकेरला जेमतेम शंभर. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला आपल्या वाडवडिलांनी चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरचा पाऊस पाहिलेला. इथला अख्ख्या वर्षाचा पाऊस म्हणजे तिकडच्या जुलैतला एखादा जोराचा आठवडा! शिवाय ‘सरासरी’ या शब्दावर इथे फार विसंबून चालत नाही. बेरशेव्यात एखाद्या वर्षी शंभराच्याही खाली पाऊस होतो, तर एखाद्या वर्षी तीनशेच्या वर जातो.

अशा ठिकाणी वनस्पतींनी दोन मार्ग काढले आहेत. पहिला मार्ग झुडपांचा. ‘सिरा कोत्सानीत’ हे काटेरी झुडूप किंवा ‘लाआना’ हे कडू वासाचे झुडूप वर्षानुवर्षे एकाच जागी तग धरून राहते. दुसरा मार्ग एका हंगामाच्या रोपांचा. पहिला चांगला पाऊस पडला की ती उगवतात, मार्च-एप्रिलपर्यंत फुलून बी टाकतात आणि मे महिन्यात वाळून जातात. रानटी जव, रानटी ओट, मेथीच्या कुळातली छोटी रोपे, मोहरीसारखी पिवळी फुले ही सगळी या दुसऱ्या वर्गातली. उन्हाळ्याचे सहा-सात महिने ती फक्त बीच्या रूपाने मातीत असतात. म्हणून ऑगस्टमध्ये टेकडी पाहून ‘इथे काहीच नाही’ असे म्हणणे म्हणजे शाळेला सुट्टी असताना ‘इथे मुलेच नाहीत’ असे म्हणण्यासारखे आहे.

भांडवल आणि व्याज

चराईचे शास्त्र समजायला आपल्याला एकच गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. गवताचे पान म्हणजे जनावराचे अन्न, पण तेच पान गवताचा कारखानाही आहे. पान ऊन घेते आणि त्यातून नवे पान तयार करते. म्हणजे पान हेच भांडवल आणि नवे पान हे व्याज.

डिसेंबरमध्ये रोप बोटाएवढे असते तेव्हा भांडवल फार थोडे असते, म्हणून वाढही हळू होते. त्या वेळी कळप आत सोडला तर जनावरे व्याजाबरोबर भांडवलही खाऊन टाकतात. रोप पुन्हा पहिल्या पायरीवर येते, आणि पाऊस मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. तोच कळप पाच-सहा आठवडे बाहेर ठेवला, तर रोप वीतभर होते, पाने भरपूर होतात आणि वाढीचा वेग वाढतो. मग जनावरांनी रोज खाल्ले तरी गवत रोज भरून येते. जनावरे तेवढीच, जमीन तेवढीच. फरक फक्त काही आठवड्यांच्या धीराचा.

बेरशेव्याच्या वायव्येला मिगदा येथे १९६० आणि १९७० च्या दशकांत मेंढरांवर आणि गवतावर वर्षानुवर्षे प्रयोग झाले. नफताली तदमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुढे डच शास्त्रज्ञांच्या मदतीने, किती दुनामांवर किती मेंढ्या ठेवल्या तर गवताचे आणि मेंढ्यांचे काय होते, याची मोजणी केली. हिब्रू विद्यापीठाचे इमॅन्युएल नोय-मेइर यांनी १९७५ साली चराईच्या स्थैर्याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्या विषयाच्या अभ्यासकांत तो आजही वाचला जातो. त्यातला मुख्य विचार साध्या शब्दांत असा : गवत फार कमी असेल तेव्हा हळू वाढते, मध्यम असेल तेव्हा सर्वांत वेगाने वाढते आणि फार दाट झाले की पुन्हा मंदावते. कळपाची भूक मात्र रोज जवळजवळ सारखीच असते. म्हणून गवत एका ठरावीक पातळीच्या खाली गेले, की खाणे वाढीपेक्षा जास्त होते आणि कुरण हळूहळू न घसरता एकदम कोसळते. दोन मेंढ्या जास्त झाल्या म्हणून दोन मेंढ्यांपुरतेच नुकसान झाले, असा हिशेब इथे चालत नाही. कर्जबाजारी घराचेही असेच होते. व्याजावर घर चालते तोवर सारे ठीक दिसते; मुद्दलाला हात लागला की थोड्याच दिवसांत घर बसते.

आवडते आणि नावडते

जनावर गवत कापणाऱ्या यंत्रासारखे सरसकट खात नाही. ते निवडून खाते. मेंढी मुख्यतः जमिनीलगतचे कोवळे गवत आणि शेंगांच्या कुळातली रोपे पसंत करते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून झुडपाचे शेंडे ओरबाडते आणि मेंढी ज्याला तोंड लावत नाही अशी तुरट, कडसर पानेही पचवते. काळ्या बेदुइन शेळीची सहनशक्ती तर विलक्षण आहे. वाळवंटात ती दोन ते चार दिवसांतून एकदाच पाणी पिऊन राहू शकते आणि पाणी मिळाले की एका दमात पुढच्या दिवसांची बेगमी करते. तिच्या पोटातला मोठा कप्पा पाण्याच्या टाकीसारखा उपयोगी पडतो. त्यामुळे पाणवठ्यापासून जिथपर्यंत मेंढी आणि गाय जाऊ शकत नाही, तिथपर्यंत शेळी जाते. तिची ख्याती आणि तिची बदनामी, दोन्ही यातूनच आली.

निवडून खाण्याचा परिणाम काय होतो? जे आवडते ते कमी होते आणि जे नावडते ते मागे राहते. रोश हाशानाच्या सुमारास मोकळ्या माळावर उंच पांढरे तुरे उभे राहतात, तो ‘हात्साव’ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचा कांदा विषारी. जनावरे त्याला शिवत नाहीत. ‘इरीत’ची लांब पातीही ती सोडून देतात. एखाद्या टेकडीवर फेब्रुवारीत फक्त इरीत, हात्साव आणि काटेरी रोपेच दिसली, तर तिथे अनेक वर्षे बेसुमार चराई झाली असे समजावे. ती टेकडी हिरवी दिसते खरी, पण मेंढीच्या दृष्टीने ते रिकामे ताट आहे.

आता दुसरी बाजू पाहू. ओढ्याच्या, म्हणजे नाखालच्या तळाशी माती खोल असते आणि ओल टिकते. तिथे चराई अजिबात झाली नाही, तर उंच वाढणारी दोन-चार गवते सगळी जागा व्यापतात आणि त्यांच्या सावलीत लहान रोपे मरतात. कळपाने ती उंच गवते खाली आणली की ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि छोट्या रोपांनाही वाव मिळतो. लेहावीमच्या टेकड्यांवर आवी पेरेवोलोत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून पाहिले आणि २००२ साली प्रसिद्ध केले. जिथे गवत भरपूर येते तिथे चराईमुळे रोपांच्या जातींची विविधता वाढली. कोरड्या, उथळ मातीच्या उतारांवर तसा फायदा दिसला नाही. म्हणजे एकच कळप एकाच सकाळी ओढ्यात उपकार आणि वरच्या उतारावर अपकार करू शकतो.

काटेरी सिराचीही एक गंमत आहे. तिच्या काट्यांत मेंढीचे तोंड शिरत नाही, म्हणून तिच्या पोटाशी कोवळी रोपे सुरक्षित वाढतात आणि बी टाकतात. बाहेर सगळे खाल्ले गेले तरी पुढच्या वर्षीचे बियाणे या काटेरी कणगीत शिल्लक असते.

खूर आणि जमिनीचा पापुद्रा

आतापर्यंत आपण तोंडाविषयी बोललो. पण जनावराला चार पायही असतात, आणि कमी पावसाच्या प्रदेशात पायांचा परिणाम तोंडाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

उत्तर नेगेव्हमध्ये दोन झुडपांच्या मधली जमीन नीट पाहिली, तर तिच्यावर एक पातळ, किंचित काळपट पापुद्रा दिसतो. तो नुसता वाळलेला चिखल नव्हे. डोळ्यांना न दिसणारे हिरवे-निळे सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी मातीचे कण एकमेकांना बांधून तो तयार केलेला असतो. या पापुद्र्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही. शिवाय पाऊस पडला की पाणी त्याच्यावरून घरंगळत जवळच्या झुडपाच्या बुंध्याशी जाते. झुडपाखालची माती भुसभुशीत असते, ती ते पाणी पिऊन घेते. ओफाकीमच्या बाजूला सय्येरेत शाकेद उद्यानात शास्त्रज्ञांनी या देवघेवीचा बरीच वर्षे अभ्यास केला. झुडपाला आकाशातून पडतो तेवढाच पाऊस मिळाला असता तर ते जगले नसते. शेजारच्या उघड्या जमिनीचा वाटाही त्याला मिळतो म्हणून ते जगते. कोकणात छपराच्या पागोळ्या धरून माठ भरत, तसाच हा प्रकार.

खुरांनी हा पापुद्रा मोडतो. थोडा मोडला तर काही ठिकाणी बी रुजायला भेगा मिळतात. पण रोज, सर्वत्र मोडला तर माती सुटी होते, वारा ती उडवतो आणि पापुद्रा पुन्हा बसायला अनेक वर्षे लागतात.

याचे सर्वांत मोठे चित्र अंतराळातून दिसते. १९७२ साली लँडसॅट हा पहिला उपग्रह जमिनीची छायाचित्रे घेऊ लागला, तेव्हा नेगेव्ह आणि सिनाई यांच्यामधली सरहद्द एखाद्या मुलाने पट्टीने रेघ मारावी तशी स्पष्ट दिसली. सिनाईची बाजू झगझगीत फिकट, नेगेव्हची बाजू गडद. वाळू दोन्हीकडे तीच, पाऊसही तोच. योसेफ ओटरमन यांनी १९७४ साली याचे कारण बेसुमार चराई असे मांडले. पुढे अर्नोन कार्नियेली आणि हाईम त्सोआर यांनी दाखवले, की नेगेव्हच्या बाजूचा गडद रंग झुडपांपेक्षाही या सजीव पापुद्र्यामुळे येतो. एका बाजूला कळप फिरत होते आणि सरपण तोडले जात होते. दुसऱ्या बाजूला ते थांबले आणि वाळूवर पापुद्रा बसला. खुराचा अर्थ काय, हे याहून स्पष्ट सांगणारे उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही.

पण कळप जमिनीला परतही देतो. लेंड्या आणि मूत्र यांतून खत मिळते. देशावर शेतकरी धनगराला धान्य देऊन शेतात मेंढ्या बसवून घेत, ते याचसाठी. इथे जुन्या मेंढवाड्याच्या जागी हिवाळ्यात ‘हुबेझा’ची दाट हिरवी पाने आणि मोठाले काटेरी ‘गदिलान’ उगवलेले दिसतात. भरपूर खत पडल्याची ती खूण. शेंगांच्या कुळातल्या कित्येक रोपांचे कठीण बी मेंढीच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडते, काही बिया लोकरीला चिकटून पुढच्या टेकडीवर जातात. अर्थात यासाठी कळप हलता राहायला हवा. एकाच जागी बसलेला कळप एका जागी खताचा ढीग आणि आजूबाजूला उजाड मैदान करतो.

कळपच नसला तर?

मग सगळे कळप हटवले तर प्रश्न सुटेल काय? याचे उत्तर आपल्या देशाबाहेर, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेला काल्मिकिया नावाच्या स्टेप प्रदेशात मिळते. आपल्या शेजारी राहणाऱ्या रशियन ओलिमांपैकी काहींना हे नाव ठाऊक असेल.

काल्मिकियात ‘काळी जमीन’ म्हणून ओळखला जाणारा मोठा माळ आहे. पूर्वी तिथे कळप मुख्यतः हिवाळ्यात येत आणि उन्हाळ्यात गवताला विश्रांती मिळे. सोव्हिएत काळात लोकरीचे आकडे वाढवायचे म्हणून मेंढ्यांची संख्या जमिनीच्या ताकदीबाहेर नेली गेली आणि त्या बारा महिने तिथेच राहू लागल्या. काही भाग नांगरलाही गेला. १९८० च्या दशकात तिथे उघडी वाळू वाहू लागली. माणसाने केलेले युरोपातले पहिले वाळवंट, अशी त्या भागाची कीर्ती झाली.

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, सरकारी मदत थांबली आणि पाच-सात वर्षांत जनावरांची संख्या धाडकन खाली आली. माळ सावरला. वाळूवर गवत परतले, कुसळीचे उंच गवत पुन्हा डोलू लागले. सर्वांना आनंद झाला. पण ते गवत खाणारे कोणी नव्हते. उन्हाळ्यात ते वाळून तसेच उभे राही, पुढच्या वर्षी त्यात आणखी भर पडे, आणि मग वणवे सुरू झाले. पूर्वी जिथे आग क्वचित लागे, तिथे १९९० च्या दशकाच्या शेवटापासून दरवर्षी मोठमोठे पट्टे जळू लागले. वणव्यात झुडपे मरतात, कुसळीचे गवत मात्र मुळापासून पुन्हा फुटते. म्हणून माळ अधिकाधिक एकसुरी होत गेला. पुढे जनावरे पुन्हा वाढली, तेव्हा काही भागांत वाळूही परत दिसू लागली. एकाच माळाने एका आयुष्यात दोन्ही टोके पाहिली.

कायदा का केला, का मोडला

आता आपल्या १९५० च्या कायद्याकडे येऊ. त्या काळी देशातल्या टेकड्या उघड्या-बोडक्या होत्या आणि नवी झाडे लावण्याचे मोठे काम हाती घेतले होते. कोवळ्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला की रोप संपते. तेव्हा शेळीला आवर घालणे समजण्यासारखे होते. त्या कायद्याने दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर शेळ्या चारण्यास बंदी घातली आणि जमिनीच्या प्रमाणात मोजक्याच शेळ्या पाळायची मुभा ठेवली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अंमलबजावणी कडक झाली.

याचा भार मुख्यतः अरब आणि बेदुइन पशुपालकांवर पडला. नेगेव्हमधले बेदुइन पूर्वी पावसामागे फिरत. एका ठिकाणचे गवत संपले की तंबू हलवीत. १९४८ नंतर त्यांना बेरशेवा, अराद आणि दिमोना यांच्यामधल्या ‘सयाग’ नावाच्या मर्यादित भागात राहावे लागले आणि १९६६ पर्यंत तिथे लष्करी अंमल होता. फिरणारा कळप असा अडकला, की चराईचा सगळा भार थोड्या जमिनीवर येतो. उघडी पडलेली टेकडी पाहून आपण शेळीला दोष देतो, पण शेळी तिथेच का थांबली हे विचारायला विसरतो. पुढे टँकरचे पाणी आणि विकतचे जव आले. पूर्वी गवत संपले की भुकेमुळे कळप हलत असे. आता पोत्यातले जव मिळत असल्याने तो तिथेच राहू शकतो आणि उगवणारे प्रत्येक पान खुडू शकतो. जनावर वाचते, जमीन मात्र सुट्टीला मुकते.

दरम्यान उत्तरेकडे पन्नास-साठ वर्षांत लावलेली आणि आपोआप वाढलेली झाडी दाट झाली. तिच्याखाली खाणारे कोणी न राहिल्याने झुडपे, वाळलेले गवत आणि पालापाचोळा साचला. डिसेंबर २०१० मध्ये कार्मेलच्या डोंगरावर लागलेल्या वणव्यात ४४ माणसे मृत्युमुखी पडली. कार्मेल हा स्टेप नव्हे, तिथे पाऊस पुष्कळ आहे. पण त्या आगीनंतर सगळ्या देशात हा प्रश्न विचारला गेला, की हे सरपण खाणारी शेळी आपणच हाकलून दिली काय? पुढच्या काही वर्षांत मत बदलत गेले आणि २०१८ साली कायदा रद्द झाला. आता कितीतरी वनांत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून राखलेले मोकळे पट्टे, साफ ठेवायला शेळ्यामेंढ्या मुद्दाम नेतात. नेगेव्हच्या कडेला, स्टेपच्या जमिनीवर १९६४ पासून वाढवलेल्या यातीर वनातही बेदुइन कळप चरतात.

इथेही अतिशयोक्ती नको. सुसाट वारा आणि कोरडी हवा असेल तेव्हा लागलेली आग शेळ्यांच्या कळपाने थांबत नाही. शेळी आगीचे खाद्य कमी करते, इतकेच तिचे काम. बाकीचे काम माणसांचे आहे.

वाडवडिलांना काय ठाऊक होते

बेरेशीतच्या तेराव्या अध्यायात आब्राहाम आविनू आणि लोट यांच्या गुराख्यांचे भांडण आहे. आपण ती कथा दरवर्षी ऐकतो आणि भावकीच्या तंट्याची कथा म्हणून सोडून देतो. पण भांडणाचे कारण तिथे स्पष्ट सांगितले आहे : दोघांची जनावरे इतकी झाली की ती जमीन दोघांना एकत्र पुरेना. आब्राहामने काढलेला तोडगा कळप मारण्याचा नव्हता की जमीन बंद करण्याचाही नव्हता. कळप वेगळे करा, एकाने डावीकडे जावे, दुसऱ्याने उजवीकडे. आजचा चराईचा तज्ज्ञही पहिला सल्ला हाच देईल.

मिश्नामध्ये, बावा कामाच्या सातव्या अध्यायात, शेळ्यामेंढ्या एरेत्स इस्राएलात पाळू नयेत असा नियम आहे, पण सुरियात आणि एरेत्स इस्राएलातल्या मिदबारात पाळायला मोकळीक आहे. जिथे शेजाऱ्याचे शेत आणि द्राक्षमळा आहे तिथे नको, जिथे मोकळे माळ आहेत तिथे चालेल. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्याही आधी आपल्या विद्वानांनी शेळी चांगली की वाईट असा प्रश्न न विचारता ‘कुठे?’ असा विचारला. त्याला आजच्या शास्त्राने आणखी तीन प्रश्न जोडले आहेत : किती, केव्हा आणि किती दिवस.

माळ वाचावा कसा

हे चारही प्रश्न आपण बसच्या खिडकीतूनही विचारू शकतो. पुढच्या हिवाळ्यात बेरशेवा ते किर्यत गात किंवा दिमोना असा प्रवास होईल तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात.

डिसेंबरमध्ये, रोपे बोटाएवढी असताना, कळप कुठे आहे? तो अजून वाड्यात किंवा जुन्या धसकटांत असेल तर माळाला श्वास घ्यायला वेळ मिळतो आहे. फेब्रुवारीत दोन झुडपांमधली जमीन हिरवी आहे की उघडी? आणि हिरवी असेल तर ती गवताची आणि फुलांची आहे, की नुसत्या इरीतची? मार्चमध्ये काही रोपांना बी धरू दिले आहे काय? कारण पुढच्या वर्षीचे कुरण त्या बियांत आहे. मे-जूनमध्ये गव्हाची कापणी झाल्यावर कळप शेतात उतरले आहेत काय? मोशाव आणि किबुत्सच्या धसकटांवर उन्हाळ्यात चरणारा कळप माळाला विश्रांती देतो, शेताला खत देतो आणि वाळलेले जळाऊ काड खाऊन टाकतो. ही शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातली जुनी देवघेव आहे आणि ती तिघांच्याही सोयीची आहे.

जून महिन्यात रस्त्याच्या कडेला वाळलेले गवत गुडघाभर उभे असेल आणि मैलभर एकही जनावर दिसत नसेल, तर तेही चांगले लक्षण मानू नये. तिथे एक जळती सिगारेट पुरेशी आहे.

आपली नातवंडे शाळेतून तू बिश्वातला रोपे लावायला जातात. त्यांना झाडाचे महत्त्व पुरेसे सांगितले जाते. आपण आजी-आजोबांनी त्याच्या जोडीला गवताचे महत्त्व सांगावे. ज्या जमिनीवर झाड टिकत नाही तिथे गवत माती धरून ठेवते, आणि ते गवत राखायला चांगला मेंढपाळ लागतो. गवत केव्हा खाऊ द्यावे आणि केव्हा कळप पुढे हाकावा, हे ज्याला कळते त्याच्या हाती माळ सुरक्षित राहतो. नेगेव्हमध्ये पाऊस आधीच बेभरवशाचा आहे आणि वस्ती, रस्ते, शेते वाढून कळपांना फिरायची जागा दरवर्षी आखडते आहे. कायदा रद्द झाल्याने शेळीवरचा आरोप पुसला गेला. आता तिला फिरायला वाट आणि माळाला विश्रांतीचे आठवडे मिळवून देण्याचे काम शिल्लक आहे. ते काम सरकारी कृषी अधिकारी, शेतकरी आणि बेदुइन मेंढपाळ यांनी एकत्र बसूनच करावे लागेल.